संग्रहालयातील कीड आणि बुरशी: काय करावे, काय टाळावे

मृगाच्या तोंडावर छोट्या संग्रहालयांत आणि जुन्या ग्रंथालयांत तीन फर्माने हमखास सुटतात: डांबरगोळ्या आणा, फवारणीवाल्याला बोलवा, पोथ्या उन्हात टाका. तिन्ही सद्भावनेने दिलेली असतात आणि तिन्हींमुळे वस्तूंचे नुकसान होते. कधी कधी ते किडीने केले असते त्याहून जास्त असते. वस्तू वाचते ती कोरड्या हवेमुळे, स्वच्छतेमुळे आणि नेमाने केलेल्या पाहणीमुळे. औषधाचा क्रम सर्वांत शेवटी.

ही यादी गावच्या वाचनालयासाठी, संस्थानकालीन वाड्यातल्या दालनासाठी आणि विश्वस्त मंडळाच्या दोन खोल्यांच्या वस्तुसंग्रहालयासाठी आहे. जिथे प्रशिक्षित संवर्धक नाही, पण जपण्याची तळमळ आहे, अशा सगळ्यांसाठी.

हवा आणि ओल

करा: प्रत्येक दालनात आणि निदान एका बंद कपाटात डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. सकाळी दालन उघडल्यावर आणि संध्याकाळी बंद करताना आकडा वहीत लिहा. ६५ टक्के हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा इतका महत्त्वाचा आहे. त्याच्या खाली बुरशी सहसा वाढत नाही. ७० च्या वर दिवसेंदिवस राहिली तर वाढते आणि ८० च्या वर गेली तर थोड्याच दिवसांत डोळ्यांना दिसते. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते रोखता येत नाहीत. त्यांना लागणारी ओल रोखता येते.

करा: मापक खरा आहे का, हे वर्षातून एकदा तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात लगदा होईल इतकेच पाणी घाला. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ च्या आसपास दाखवायला हवे. जितका फरक दिसेल तितका रोजच्या आकड्यात धरून चला.

टाळा: "हवा खेळती राहावी" म्हणून भर पावसात खिडक्या सताड उघडणे. जुलैत कोकण किनाऱ्यावर बाहेरच्या हवेची आर्द्रता ८०-९० च्या घरात असते. ती आत घेऊन काय साधणार? खिडक्या बंद ठेवा आणि आतली हवा पंख्याने हलती ठेवा. पंख्याने ओल जात नाही, पण कोपऱ्यांत आणि कपाटांमागे दमट हवा साचून राहत नाही. खिडक्या उघडायच्या त्या हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत, तेही जाळी लावून.

टाळा: वातानुकूलन दिवसा चालू, रात्री बंद. वीजबिल वाचवण्यासाठी हे सर्रास केले जाते आणि माझ्या मते बुरशीला याहून मोठे आमंत्रण नाही. दिवसभर थंड झालेल्या भिंती आणि वस्तू रात्री दमट हवेच्या तावडीत सापडतात, आर्द्रता झपाट्याने चढते आणि थंड पृष्ठभागावर दव धरते. चोवीस तास चालवणे परवडत नसेल तर त्या दालनात वातानुकूलन नकोच. त्याऐवजी डीह्युमिडिफायर घ्या. त्याचे पाणी टाकीत न साठवता नळीने थेट बाहेर सोडा, कारण टाकी भरली की यंत्र थांबते आणि हे नेमके सुट्टीच्या दिवशी घडते.

टाळा: ओल एका दिवसात उतरवणे. पंचाहत्तर टक्क्यांत वर्षानुवर्षे राहिलेली लाकडी मूर्ती एकदम पन्नास टक्क्यांत आणली तर लाकूड आक्रसते आणि त्यावरचा रंग सुटतो. हळूहळू उतरवा. किनाऱ्यावर ५५ ते ६० मिळाले तरी पुष्कळ.

करा: सिलिका जेल वापरायचे तर बंद पेटीत किंवा घट्ट झाकणाऱ्या काचपेटीत. उघड्या दालनात त्याचा उपयोग नाही. निळ्या रंगाचे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते विषारी आहे. नारिंगी घ्या. रंग बदलला की भट्टीत तापवून पुन्हा वापरता येते. रंग बदलूनही महिनोन्‌महिने तसेच पडलेले जेल म्हणजे नुसती खडी.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडचा अजब बंगला, १८६३ सालचे. तिथला मे महिना आणि रत्नागिरीचा मे महिना यांत जमीन-अस्मानाचा फरक. विदर्भात उन्हाळ्यात लाकूड तडकते, कागद ठिसूळ होतो. बुरशीची भीती मुख्यतः पावसाळ्यापुरती. कोकणात आणि गोव्यात ती वर्षातले अनेक महिने असते. म्हणून दुसऱ्या शहरातल्या संग्रहालयाचे वेळापत्रक उचलून वापरू नका. स्वतःच्या वहीतले वर्षभराचे आकडे पाहा आणि मग ठरवा.

इमारत

करा: पावसाआधी कौले, पन्हळी आणि गच्चीची पाणी जाण्याची तोंडे साफ करून घ्या. बहुतेक बुरशीचे मूळ तुंबलेल्या पन्हळीत सापडते.

करा: कपाट बाहेरच्या भिंतीपासून किमान १० ते १५ सेंटिमीटर पुढे ओढा. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर तरी उंच असू द्या. तैलचित्रांच्या चौकटीमागे बुचाचे तुकडे लावून भिंत आणि चित्र यांत फट ठेवा. चित्राच्या मागच्या बाजूला धूळ आणि खळ दोन्ही असतात, बुरशी तिथूनच सुरू होते.

करा: कबुतरांची घरटी काढा आणि झरोक्यांना जाळी बसवा. घरट्यांतल्या पिसांत आणि मेलेल्या पिलांत कार्पेट बीटल वाढतात आणि तिथून थेट लोकरी गालिच्यावर येतात. घरटे काढताना तोंडाला मास्क हवा. कबुतरांची कोरडी विष्ठा फुप्फुसांना घातक असते.

टाळा: पावसाच्या सुरुवातीच्या संध्याकाळी दालनाचे दिवे लावून खिडक्या उघड्या ठेवणे. पंख फुटलेली वाळवी याच दिवसांत दिव्यावर येते.

टाळा: सकाळी बादलीभर पाणी ओतून लादी पुसणे. ते सगळे पाणी दुपारपर्यंत दालनाच्या हवेत जाते. पावसाळ्यात फडके घट्ट पिळून घ्या, नाहीतर कोरडाच झाडू फिरवा. झाडूने धूळ उडते, म्हणून व्हॅक्यूम क्लीनर मिळाला तर उत्तम.

खाणे, हार, पूजा

करा: चहा, वडा, डबा या सगळ्यांना एकच खोली आणि ती दालनापासून लांब. कचऱ्याचा डबा रोज संध्याकाळी इमारतीबाहेर रिकामा झाला पाहिजे, सकाळी नव्हे. झुरळांचा आणि उंदरांचा वावर रात्रीचा असतो.

टाळा: तसबिरींना ताज्या फुलांचे हार. जयंती-पुण्यतिथीला घातलेला हार आठवडाभर तसाच राहतो. कार्पेट बीटलचे प्रौढ किडे फुलांतल्या परागावर जगतात आणि हारांबरोबर आत येतात. हार घालायचाच असेल तर प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या छायाचित्राला घाला आणि त्याच संध्याकाळी उतरवा.

टाळा: खंडेनवमीला संग्रहातल्या मूळ तलवारींना हळद-कुंकू, अक्षता, नारळाचे पाणी. पोलादावर गंज चढतो, म्यानाच्या चामड्यात आणि मखमलीत तांदळाचे कण अडकतात आणि कीड त्यांच्या वासावर येते. भावना मोठी आहे, ती मोडायची नाही. एक तलवार, प्रतिकृती असली तरी चालेल, पूजेसाठी वेगळी काढून ठेवा. दालनातल्या देवमूर्तींपुढेही एक छोटे तबक ठेवा, म्हणजे लोक मूर्तीवर तांदूळ टाकणार नाहीत.

नवी वस्तू आली की

जुन्या घराण्याने वाडा विकताना पेटारा भेट दिला, सगळ्यांना आनंद झाला आणि तो पेटारा त्याच दिवशी दालनात गेला. संग्रहात कीड शिरण्याचा हा सर्वांत नेहमीचा मार्ग.

करा: आलेली प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या खोलीत ठेवा. शेणाने सारवलेल्या खोलीतून आलेली असो वा दुसऱ्या संग्रहालयातून परत आलेली, अपवाद करू नका. पारदर्शक प्लास्टिकमध्ये सैल गुंडाळा, खाली पांढरा कागद पसरा आणि चार ते सहा आठवडे पाहत राहा. वस्तू दमट असेल तर मात्र प्लास्टिक नको. आधी सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर कोरडी होऊ द्या. वेगळी खोली नसेल तर घट्ट झाकणाची मोठी पेटीही चालते.

टाळा: पेंढा, गोणपाट आणि जुन्या वर्तमानपत्रांचे वेष्टण आत आणणे. वस्तू बाहेर उघडा, वेष्टण बाहेरच सोडा.

पाहणी

यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. दर आठवड्याला एक दालन, टॉर्च तिरपी धरून. समोरून पडलेल्या उजेडात न दिसणारी बुरशीची साय आणि भुशाची ढेकळी तिरप्या उजेडात लगेच दिसतात. आधी खिडक्यांचे कठडे पाहा, कारण उडणारे किडे उजेडाकडे जातात आणि तिथेच मरून पडतात. पोटावर पाय दुमडलेले, मसुराएवढे किंवा त्याहूनही लहान, ठिपकेदार, गोल किडे दिसले तर लोकर, रेशीम, पिसे आणि चामडे ठेवलेली कपाटे त्याच दिवशी उघडा.

करा: खुणा ओळखायला शिका.

लाकडाखाली पिठासारखा मऊ भुसा आणि एक-दोन मिलिमीटरची गोल भोके दिसली तर ते लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचे काम. सागवानाचा गाभा बराच टिकतो, पण बाहेरचे पांढुरके लाकूड त्यांना आवडते. जुनी भोके म्हणजे जिवंत कीड नव्हे. वस्तूखाली काळा कागद ठेवा, भोकांचे छायाचित्र काढा आणि महिन्याने ताडून पाहा. कागदावर नवा भुसा पडला असेल तर कीड जिवंत आहे.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पानापर्यंत आरपार गेलेला गोल बोगदा असेल तर बहुधा गॅस्ट्रॅलस इंडिकस. भारतीय ग्रंथसंग्रहांतला हा जुना शत्रू. खरे नुकसान त्याची अळी बांधणीच्या आत राहून करते, म्हणून बाहेरून झटकलेले पुस्तक स्वच्छ दिसले तरी आत पोखरले जात असते.

पानाचा वरचा थर खरवडल्यासारखा, कडा कुरतडलेल्या आणि लेबले अर्धवट खाल्लेली असतील तर कसर, म्हणजेच सिल्व्हरफिश. तिला खळ आणि ओल दोन्ही हवी असतात.

पानावर टिंबासारखे धावणारे फिकट किडे म्हणजे बुकलाईस. ते कागदाचे फारसे नुकसान करत नाहीत. डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीवर ते जगतात, म्हणजेच तिथली हवा दमट आहे असे सांगतात. त्यांच्यावर फवारणी करणे व्यर्थ. हवा कोरडी करा, ते आपोआप जातात.

शालीवर रेशमी जाळे किंवा छोट्या नळकांड्या असतील तर कपड्यांचा पतंग. केसाळ, तपकिरी, रिकाम्या काती असतील तर कार्पेट बीटलची अळी. सुताला हे दोघे सहसा हात लावत नाहीत, पण घामाचा, तेलाचा, अन्नाचा डाग असलेले सूत सोडत नाहीत. पैठणीचे रेशीम मात्र त्यांचे थेट खाद्य.

भिंतीवरून वर चढणारी मातीची नळी म्हणजे वाळवी. नळी नुसती खरवडून पुसू नका. एक भाग मोडा आणि दोन-तीन दिवसांनी पाहा. पुन्हा बांधली गेली असेल तर वाळवी चालू आहे. मग ती कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा जवळ गळका नळ किंवा जमिनीला टेकलेले लाकूड सापडते.

करा: सापडलेला प्रत्येक किडा चिकटपट्टीवर घेऊन वहीत लावा. बाजूला तारीख, दालन, कपाट लिहा. वर्षभराने ही वही कुठल्याही तज्ज्ञाला तुमच्या इमारतीबद्दल एका भेटीत जितके कळेल त्याहून अधिक सांगेल.

करा: दालन झाडणाऱ्या कर्मचाऱ्याला आणि पहारेकऱ्याला हे सगळे शिकवा. रोज जमिनीकडे पाहणारी माणसे तीच असतात. कपाटाखालचा भुसा त्यांना आधी दिसतो आणि "घाण" म्हणून झाडला जातो. तो भुसा न झाडता बोलावणाऱ्याचे सर्वांसमोर कौतुक करा.

चिकट सापळे

करा: घरासारख्या आकाराचे, छत असलेले चिकट सापळे भिंतीलगत, दाराजवळ आणि कपाटांखाली ठेवा. क्रमांक आणि तारीख लिहा. एरवी महिन्याला, पावसाळ्यात आठवड्याला पाहा. फेरोमोनचे सापळे ठराविक किड्यांच्या सहसा फक्त नरांना ओढतात.

टाळा: सापळ्यांनी कीड संपेल असे समजणे. सापळा कीड कुठे आहे ते सांगतो, एवढेच. छत नसलेले सापळे नकोत, त्यांत पाली अडकून मरतात आणि त्यांच्यावर आणखी कीड येते.

कीड सापडली तर

करा: आधी वस्तू प्लास्टिकमध्ये बंद करून वेगळी ठेवा. मग शेजारच्या वस्तू पाहा. घाई इथवरच. पुढचे सगळे शांतपणे.

करा: कोरडी पुस्तके, लोकर, कापड, रंग न दिलेले साधे लाकूड यांसाठी गोठवणे हा बिनविषारी आणि आवाक्यातला उपाय आहे. उणे २० अंश, दोन आठवडे. वस्तू सुती कापडात किंवा टिपकागदात आणि वरून पॉलिथीनमध्ये गुंडाळा, आतली हवा काढा, कडा चिकटपट्टीने बंद करा. डीप फ्रीजर खरोखर उणे २० पर्यंत जातो का, ते थर्मामीटरने पाहा. बाहेर काढल्यावर २४ तास वेष्टण उघडू नका, नाहीतर दव थेट वस्तूवर बसते.

टाळा: रंगवलेली मूर्ती, हस्तिदंत, काचेवरची जुनी छायाचित्रे, लाखकाम, ताणलेल्या चामड्याची वाद्ये फ्रीजरमध्ये ठेवणे. गोठवण्याने बुरशीही मरत नाही, फक्त थांबते.

रंगीत लाकडासाठी दुसरी वाट आहे: ऑक्सिजन काढून घेणे. जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या वास्तूतल्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात रंग आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी मूर्ती आहेत. अशा मूर्तीला ना थंडी सोसते, ना द्रव औषध. हवाबंद पडद्याच्या पिशवीत ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या घालून प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली, शक्य तितके शून्याजवळ, आणतात आणि तीन-चार आठवडे तसेच ठेवतात. किडे गुदमरून मरतात, रंगाला धक्का लागत नाही. साध्या पॉलिथीनमधून ऑक्सिजन आत झिरपतो, म्हणून ती पिशवी चालत नाही. मोठ्या किंवा मौल्यवान वस्तूसाठी हे संवर्धकाकडूनच करून घ्या.

टाळा: भोकांत रॉकेल, डिझेल, टर्पेंटाइन ओतणे. डाग कायमचे राहतात, आगीचा धोका वाढतो आणि आतल्या अळीपर्यंत ते पोचतेच असे नाही.

औषधे

टाळा: डांबरगोळ्या. नॅफ्थलीन असो वा पॅराडायक्लोरोबेंझीन, त्यांची वाफ बंद कपाटात वस्तूंवर पुन्हा स्फटिक होऊन बसते, काही प्लास्टिक आणि राळ मऊ करते आणि कपाट उघडणाऱ्याच्या छातीत जाते. पूर्वापार वापरत आलो म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. आज ठेवलेल्या असतील तर काढा, कपाट उघड्या हवेत वास जाईपर्यंत ठेवा.

टाळा: पेस्ट कंट्रोलच्या वार्षिक करारात "संपूर्ण परिसर फवारणी" असे लिहिणे. वस्तूंवर, कपाटांच्या आत, दालनाच्या हवेत कोणतीही फवारणी किंवा धुरी नको.

करा: करारात लिहून घ्या की काम इमारतीबाहेरची जमीन, स्वच्छतागृहे, स्वयंपाकाची खोली आणि गटारे एवढ्यापुरतेच. झुरळांसाठी जेल वापरावे. वापरलेल्या रसायनाचे नाव, प्रमाण आणि तारीख वहीत नोंदवावी. जुन्या भिंतींत वाळवीसाठी भोके पाडायची असतील तर आधी वास्तूच्या जाणकाराला दाखवा.

टाळा: एकेकाळी ग्रंथालयांत वापरल्या जाणाऱ्या थायमॉलच्या पेट्या पुन्हा चालू करणे. थायमॉलने रोगण मऊ होते आणि पेटीबाहेर आल्यावर त्याचे संरक्षण उरत नाही. ओल तशीच असेल तर बुरशी परत येते.

कडुनिंब आणि वेखंड यांबद्दल नेहमी विचारले जाते. घरच्या आजीबाईंनी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवून शालू टिकवले, हे खरे आहे. पण त्या दर वर्षी पेटी रिकामी करून सगळे झटकत, पुसत, नव्या घड्या घालत आणि किडीला तेच नडे. वासाने काही किडे दूर राहतात, आत बसलेली अळी मरत नाही. ठेवायचेच तर जाड कापडाच्या पुरचुंडीत, वस्तूला न लागता ठेवा आणि वर्षाला बदला. पानांच्या मध्ये कडुनिंबाची पाने कधीही नकोत. डाग पडतात आणि पानांचा चुरा स्वतःच किडीचे खाणे होतो.

करा: जुनी पोथी हाताळल्यावर हात धुवा. लेखनातली चूक झाकायला लेखक पिवळा हरताळ लावत आणि काही कागदांवर तो किडीसाठीही चोपडला जाई. हरताळात आर्सेनिक असते. पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांच्या कातड्यांतही आर्सेनिक असू शकते. तिथे हातमोजे हवेतच आणि मुलांचे हात लागू देऊ नयेत.

करा: दप्तराचे रुमाल जपा. पेशवे दप्तरासारख्या संग्रहांत कागद सुती रुमालात घट्ट बांधण्याची रीत शहाणपणाची होती. सूत धूळ अडवते, ओल शोषते, हवा कोंडत नाही. प्रत्येक बाड प्लास्टिकच्या पिशवीत सील करणे हे आधुनिक दिसते, पण कोकणातल्या दमट हवेत ती पिशवी बुरशीचे घर होते. पोथीच्या शेवटी लेखक तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून तिला वाचवा अशी विनवणी करत. तिन्ही धोके आजही तेच आहेत.

बुरशी दिसली तर

करा: आधी स्वतःचे संरक्षण. एन-९५ मास्क, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. दमा, ॲलर्जी असलेले आणि गर्भवती कर्मचारी या कामापासून दूर.

करा: वस्तू वेगळी करा, आर्द्रता ६० च्या खाली आणा आणि थांबा. जिवंत बुरशी मऊ, ओलसर, बोट लावल्यास पसरणारी असते. कोरडी पडली की भुकटीसारखी होते. साफसफाई या कोरड्या अवस्थेतच करायची. सावलीत, मोकळ्या जागी, वारा आपल्या पाठीमागून येईल असे उभे राहा आणि मऊ ब्रशने भुकटी स्वतःपासून दूर ढकला. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम असेल तर त्याच्या तोंडावर जाळी बांधून भुकटी ओढून घ्या. ब्रश त्या दिवशीच धुवा, वापरलेली फडकी पिशवीत बंद करून फेका.

टाळा: ओल्या फडक्याने पुसणे. बीजाणू तंतूंत आणखी खोल जातात आणि ओलही मिळते.

टाळा: फिनेल, डेटॉल, ब्लीचिंग पावडर, व्हिनेगर. कागदाला, रंगाला, धातूला यातले काहीच सोसत नाही. अल्कोहोलने काही डाग निघतात हे खरे, पण त्याने शाईही निघते. ते काम संवर्धकाचे.

टाळा: ऊन. घरी गोधड्या उन्हात टाकतो तसे संग्रहातले वस्त्र टाकू नका. हळदीचा पिवळा उन्हात सर्वांत लवकर उडतो आणि एकदा उडालेला रंग परत येत नाही. हिवाळ्यात सावलीत, कोरड्या वाऱ्यावर पसरणे पुरेसे आहे.

पाणी शिरले तर

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगली बुडाली होती. नदीकाठच्या कुठल्याही संस्थेने हे पुन्हा होणार असे धरूनच तयारी करावी.

करा: मौल्यवान वस्तूंची यादी आणि त्या कोणत्या कपाटात आहेत हे एका कागदावर लिहून इमारतीबाहेर दोघांकडे ठेवा. पावसाळ्यात त्या वरच्या मजल्यावर हलवा.

करा: पाणी ओसरल्यावर पहिले ४८ तास निर्णायक असतात. त्यानंतर बुरशी सुरू होते. थोडी पुस्तके असतील तर उभी ठेवून, पाने किंचित पसरून, पंख्याच्या वाऱ्यावर सुकवा. टिपकागद बदलत राहा. गुळगुळीत छपाईचा कागद एकमेकांना चिकटून वाळला की पाने कधीच सुटत नाहीत, म्हणून तो आधी घ्या.

करा: शेकड्याने पुस्तके भिजली असतील तर सुकवत बसू नका, गोठवा. गोठवलेले पुस्तक महिन्यांनी, सवडीने सुकवता येते. कोकणात मासळीची शीतगृहे आहेत, त्यांच्याशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवा. सांगली-तासगावकडे बेदाण्याची शीतगृहे आहेत. तिथे गोठवण मिळत नाही, तरी नुसत्या थंडीने बुरशीला काही दिवस आळा बसतो. पुराच्या दिवशी फोन करून ही सोय होत नाही.

टाळा: भिजलेली पाने एक-एक करून सोडवणे, चिखल घासणे, इस्त्री फिरवणे. काजळाची शाई डिंकात घोटलेली असते, ओल्या कागदावर ती बोटाने पुसली जाते.

काही वस्तूंबद्दल वेगळे

पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी दिवे, अडकित्ते, वाद्ये, वस्त्रे, लाकडी दरवाजे सगळे एका छताखाली असते. अशा मिश्र संग्रहात चामडे, लोकर, पिसे, शिंगे यांची कपाटे एकत्र करा आणि पाहणी तिथे दुप्पट करा.

पिंगुळीच्या ठाकर कलावंतांकडच्या चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीचे कागद एकाच पेटीत ठेवू नयेत. चामड्यावर येणारी कीड वेगळी, कागदावरची वेगळी आणि दोघांना निमंत्रण कशाला?

छायाचित्रांच्या जिलेटिनवर बुरशी फार लवकर धरते. त्यांना संग्रहातली सर्वांत कोरडी जागा द्या.

अंगणातल्या वीरगळांवरचे शेवाळ तारेच्या ब्रशने किंवा आम्लाने काढू नका, त्यावर ऑइलपेंटही नको. सावली देणारी फांदी छाटा, पाणी साचणे थांबवा. मऊ ब्रश आणि साधे पाणी, तेही कोरड्या ऋतूत.

मदत

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात स्वतःचे कलासंवर्धन केंद्र आहे. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा १९७६ पासून याच कामासाठी आहे. वस्तू रंगीत, दुर्मीळ किंवा आधीच नाजूक असेल तर प्रयोग न करता अशा ठिकाणी विचारा. विचारताना छायाचित्रे, किड्यांची वही आणि आर्द्रतेचे आकडे सोबत असू द्या, म्हणजे उत्तर नेमके मिळेल.

विश्वस्त मंडळांना एक आग्रहाची विनंती. पुढच्या बैठकीत फवारणीच्या कराराआधी तीन गोष्टी मंजूर करा: चार आर्द्रतामापक, डझनभर चिकट सापळे आणि पाहणीसाठी आठवड्याचे दोन तास मोकळे असलेला एक जबाबदार माणूस. त्याचे नाव इतिवृत्तात लिहा आणि त्याची वही दर बैठकीत वाचा.